कुकरमधलं पाणी जाणार कुठे?

पत्र

स. न. वि. वि.

मी बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण स्वयंपाकघरात गेल्या महिन्यातच शिरलो. पत्नीचे वरचे सगळे दात काढलेत आणि कवळी बसायला अजून अवकाश आहे. तोवर तिला पेज, खिमट, सूप यांवरच राहायचं आहे. पेजेला ती कंटाळली, म्हणून मी टोमॅटो सूप करतो. पद्धत अशी: १ किलो टोमॅटो आदल्या रात्री कच्चेच मिक्सरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी त्यात ६ वाट्या पाणी, कांदा, लसूण, मीठ घालून कुकरच्या ४ शिट्ट्या करतो आणि मग चहाच्या गाळणीने गाळतो.

पहिल्या दिवशी पत्नी म्हणाली, ‘‘हे सूप आहे की टोमॅटो विसळलेलं पाणी?’’ दुसऱ्या दिवशी उकळत्या सुपात २ चमचे कॉर्नफ्लोअर टाकलं, तर गुठळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी पाण्यात कालवून टाकलं; दुपारी झकास दाट झालं, पण संध्याकाळी गरम केलं तर पुन्हा पाणी. (चव मी पळीनेच बघतो आणि तीच पळी परत पातेल्यात जाते, एवढंच काय ते.) अमेरिकेतल्या मुलीने बटाटा घालायला सांगितला. तो उकडून सुपाबरोबर मिक्सरला फिरवला, तर तार सुटली. घरात माझी आईही आहे, वय ८८. तिला पातळ काही दिलं की हल्ली ठसका लागतो, तेव्हा दाट सूप तिलाही बरं पडेल.

१ लिटरला किती कॉर्नफ्लोअर, हा एकच आकडा कळवावा.

— एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा

उत्तर

नमस्कार.

आकडा आधी देऊन टाकते: १ लिटर सुपाला सपाट २ मोठे चमचे, म्हणजे साधारण १६ ग्रॅम. पण एवढंच वाचून थांबलात तर पुढच्या आठवड्यात तुमचं दुसरं पत्र येणार. तुमच्या सुपाचं दुखणं कॉर्नफ्लोअरच्या पुष्कळ अलीकडे, आदल्या रात्री मिक्सरपाशीच सुरू होतंय.

बँकेत आयुष्य गेलंय, तेव्हा आधी जमाखर्च मांडू. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असतं. म्हणजे तुमच्या १ किलो टोमॅटोत घट्ट ऐवज ५०-६० ग्रॅम, बाकी सगळं पाणी. त्यात तुम्ही ६ वाट्या आणखी ओतल्या. वाटी दीडशे मिलीची धरली तरी ते ९०० मिली झाले. पातेल्यात एकूण पाणी पावणेदोन लिटरच्या वर गेलं. आता हे पाणी कमी कुठे व्हायचं? उघड्या भांड्यात शिजवलं असतं तर वाफ होऊन निघून गेलं असतं. कुकरची सगळी करामतच वाफ कोंडून धरण्यात आहे. शिट्टीबरोबर बाहेर पडते ती किती, चिमूटभर. चार शिट्ट्यांनंतर झाकण उघडलंत तेव्हा जेवढं ओतलं होतं जवळजवळ तेवढं पाणी तुमची वाट बघत होतं. मग ते चहाच्या गाळणीतून काढलंत. चहाची जाळी इतकी बारीक असते की साल आणि बियांबरोबर गरही वरच अडकतो. तो तुम्ही टाकून दिलात आणि खाली उतरलेल्या पाण्याला सूप म्हणालात. वहिनींची टीका मला तरी सौम्यच वाटते.

आता आदल्या रात्रीचं. टोमॅटोच्या गरात पेक्टिन असतं. जॅम आणि जेली धरते ती याच्याच जोरावर. टोमॅटो अख्खा आहे तोवर हे पेक्टिन शाबूत असतं. तो चिरला-वाटला की त्याच्याच पेशींमधली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मोकळी होतात आणि पेक्टिनचे तुकडे पाडायला लागतात. फ्रिजमध्ये हे काम मंदावतं, थांबत नाही. त्यामुळे सकाळी भांड्यात वर गर आणि खाली पिवळट पाणी असं दिसत असणार. अशा रसाचं सूप किती शिजवा, ते मिळून येत नाही. ताटलीत वाढलं की कडेने पाणी सुटतं.

केचप आणि पेस्ट करणारे कारखाने हे ओळखून असतात. टोमॅटो चिरडल्याबरोबर ते त्याला झटक्यात ९० अंशांच्या आसपास तापवतात. विकरं तिथेच निकामी होतात आणि गर दाट राहतो. या रीतीला ते हॉट ब्रेक म्हणतात. कमी तापमानाला चिरडलं तर त्याला कोल्ड ब्रेक म्हणतात. त्यात रंग आणि ताजा वास छान राहतो, पण रस पातळ होतो, म्हणून तो प्यायच्या ज्यूसकडे जातो. तुम्ही घरच्या घरी कोल्ड ब्रेक करत होतात आणि अपेक्षा केचपच्या दाटपणाची ठेवत होतात.

तेव्हा क्रम उलटा करा: आधी शिजवा, मग वाटा. जाड बुडाचं पसरट पातेलं घ्या. घरात लंगडी असेल तर फारच उत्तम. चमचाभर लोण्यावर किंवा तुपावर कांदा-लसूण परता, त्यावर टोमॅटोच्या मोठ्या फोडी टाका, आच मोठी ठेवा आणि झाकण घाला. पाणी एक थेंब नको. पाचेक मिनिटांत टोमॅटो स्वतःचंच इतकं पाणी सोडतील की भांडं लागायची भीती उरणार नाही. मग आच मध्यम करून ते पार मऊ होऊ द्या. वाटायला मिक्सर चालेल, पण तुमच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर एक यंत्र होळीची वाट बघत पडलेलं असणार, ते खाली उतरवा. पुरणयंत्र. बारीक भोकांची जाळी लावून टोमॅटो त्यातून काढले की साल वर राहते, पुष्कळशा बिया वर राहतात आणि गर सगळाच्या सगळा खाली येतो. परदेशी खाद्यपुस्तकांत सुपासाठी जे खास यंत्र दाखवतात, ते दुसरं-तिसरं काही नसून हेच आहे.

एवढं केलंत की हातात येईल तो दाटसर गर असेल. त्यात पाणी घालायचं तर आता, गरम, पळी-पळीने. दाट सूप पातळ करणं हा दोन सेकंदांचा खेळ आहे, उलटं करताना माणसाला पत्र लिहावं लागतं.

टोमॅटो घेताना लांबट, दाबले तर पटकन न दबणारे बघा. नाशिककडच्या पिंपळगाव बसवंतच्या किंवा जुन्नरकडच्या नारायणगावच्या बाजारातून जो माल लांब पल्ल्याला निघतो, त्यात अशी गरदार, जाड भिंतीची फळं पुष्कळ असतात. गोल, चपटे, आंबट, आत रसच रस असलेले गावरान टोमॅटो चवीला सरस, पण त्यांचं सार करावं.

सारावरून आठवलं. सध्या फ्रिजमध्ये तुमचं जे पातळ सूप उरलं असेल ते वाया घालवू नका. मीठ आधीच पडलेलं आहे, त्यामुळे फार आटवलंत तर खारट होईल. (पुढच्या वेळी मीठ अगदी शेवटी घाला. आटताना पाणी जातं, मीठ जात नाही.) त्यापेक्षा तुपात जिरं, हिंग, कढीपत्ता, एखादी सुकी मिरची अशी फोडणी करा, ते सूप तीत ओता, लिंबाएवढा गूळ घाला आणि एक कढ आला की आच मंद करून वाटीभर नारळाचं दाट दूध घाला. दूध घातल्यावर उकळू देऊ नका, फुटेल. हे झालं टोमॅटोचं सार. साराला पातळ म्हणून आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. गुरगुट्या भातावर ओतून दिलंत तर वहिनींचं एक जेवण होईल आणि तुमच्याकडे संशयाने बघणंही जरा कमी होईल.

आता मुद्दाम दाट करण्याकडे येते. सूप शिजतानाच त्यात असं काहीतरी घालावं की जे स्वतः विरघळून सुपाला अंग देईल, हे मला पिठाच्या पेस्टपेक्षा केव्हाही जास्त पटतं. त्यातही तुमच्या घरी मी मसूर डाळ किंवा मुगाची डाळ निवडेन. वहिनी कित्येक दिवस पातळ अन्नावर आहेत. टोमॅटोच्या सुपात प्रथिनं नावालाच असतात. वर कॉर्नफ्लोअर घातलंत तर भर पडते ती निव्वळ स्टार्चची. १ लिटर सुपाला ३ मोठे चमचे मसूर डाळ धुऊन वेगळी मऊ शिजवा. इथे कुकर खुशाल वापरा, डाळीसाठीच तो आहे. मग रवीने घोटून सुपात मिसळा. रंग थोडा फिकट होतो, चवीत डाळ फारशी कळत नाही, आणि सूप खाली बसत नाही की वर पाणी धरत नाही. मुगाची डाळ घातली तर चिमूटभर मिरपूड जास्त लागते.

डाळ नको असेल त्या दिवशी लाल भोपळ्याच्या दोन-तीन फोडी किंवा एखादं गाजर टोमॅटोबरोबरच शिजवा. दोन्हींनी टोमॅटोचा आंबटपणाही मोडतो, साखर घालावी लागत नाही. एक मोठा चमचा तांदूळ सुपातच शिजवून वाटला तरी काम होतं. फ्रेंच लोकांचं कोळंबी-खेकड्यांचं बिस्क नावाचं सूप मुळात तांदळानेच दाट करत. स्पेनच्या कोर्दोबा शहराकडे तर साल्मोरेहो नावाचं गार सूप टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल आणि शिळा पाव एकत्र वाटून इतकं दाट करतात की त्यावर उकडलेल्या अंड्याचे तुकडे नुसते ठेवतात, ते बुडत नाहीत. तेव्हा कालचा लादीपाव उरला असेल तर त्याच्या कडा काढून आतला मऊ भाग गरम सुपात भिजवा आणि फिरवा. दात नसलेल्या माणसाला हे फार सुखाचं पडतं.

आणि मुलीचा बटाटा. तिचा सल्ला चुकीचा नव्हता, मिक्सर चुकला. उकडलेल्या बटाट्याच्या पेशी स्टार्चने फुगून टच्च भरलेल्या असतात. पातं जोरात फिरलं की त्या फुटतात, आतला सगळा स्टार्च बाहेर येतो आणि तार सुटते. नव्या, चिकट बटाट्याला हा रोग जास्त. एक मध्यम बटाटा उकडून पुरणयंत्रातून काढा किंवा पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला चेपून सुपात मिसळा. मिक्सर जवळ आणू नका. त्या दिवशीच्या तार सुटलेल्या सुपाला मात्र उपाय नाही. त्यात कणीक भिजवून थालीपीठ लावायचं.

आता कॉर्नफ्लोअर. ते का घालू नये असं मी म्हणत नाही. हॉटेलात स्वीट कॉर्न किंवा मंचाव सूप मागवतो तेव्हा तो तुकतुकीत दाटपणा कॉर्नफ्लोअरचाच असतो आणि त्या सुपाला तो शोभतो. फक्त त्याचा स्वभाव ओळखून वागावं लागतं. आधी डबा नीट बघा: आपल्याला हवं ते पांढरंशुभ्र, बोटांत चोळलं तर करकरणारं. मक्याच्या भाकरीचं पिवळं पीठ घातलंत तर सूप रवाळ लागेल.

गुठळ्या कशा झाल्या? कोरडं पीठ उकळत्या सुपात पडलं की बाहेरचे कण क्षणात फुगून चिकटतात, त्यांचं कवच बनतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. मग कितीही ढवळा, पाणी आत शिरत नाही. म्हणून थंड पाण्यात आधी कालवायचं. पिठाच्या दुप्पट पाणी पुरे. कालवलेलं ठेवून दिलंत तर पीठ तळाशी दगडासारखं बसतं, तेव्हा ओतायच्या अगदी आधी पुन्हा हलवा. सूप मंद उकळत असताना बारीक धारेने सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा.

इथे पुष्कळांची घाई होते. धार सोडल्यावर लगेच दाट झालं नाही की ते आणखी पीठ कालवायला घेतात. कॉर्नफ्लोअरचे कण ६०-६५ अंशांपुढे पाणी प्यायला लागतात, पण पुरते फुगतात ते उकळीच्या जवळ. म्हणून ओतल्यावर पुन्हा उकळी येऊ द्या, मिनिट-दोन मिनिटं शिजू द्या, कच्च्या पिठाची चव जाऊ द्या आणि मगच ठरवा. तेव्हाही हवं त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच गॅस बंद करा. वाडग्यात निवताना ते आणखी दाट होणार आहे.

संध्याकाळी पाणी का झालं, याला तुमच्या बाबतीत दोन कारणं दिसतात. एक टोमॅटोचा आंबटपणा. आंबट द्रवात स्टार्च बराच वेळ उकळला, वर जोरजोरात ढवळला की फुगलेले कण फुटतात आणि धरलेलं पाणी सोडून देतात. लिंबू, चिंच, कोकम यांचंही तेच. म्हणून टोमॅटोच्या सुपाला कॉर्नफ्लोअर सगळ्यात शेवटी लावायचं आणि लावल्यावर उकळत ठेवायचं नाही. लिंबू पिळायचंच तर वाडग्यात.

दुसरं कारण तुम्ही कंसात टाकलंय, पण ते कंसात राहण्याच्या लायकीचं नाही. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं आणि त्याचं कामच स्टार्च तोडण्याचं. तोंडाला लावलेली पळी कोमट सुपात परत गेली की दुपारपासून संध्याकाळपर्यंत ते निवांत काम करतं. लहान मुलांना भरवणाऱ्या बायकांना हे बरोबर ठाऊक असतं: वाटीत घट्ट घेतलेलं नाचणीचं सत्त्व शेवटच्या घासाला पाणचट झालेलं असतं, कारण चमचा सारखा बाळाच्या तोंडातून वाटीत जात असतो. चवीसाठी पळीतून वेगळ्या चमच्यात थोडं ओतून घ्यायचं आणि तो चमचा मोरीत टाकायचा. एकाच्या तोंडात जखमा असताना तर हे पाळाच.

लाळेचा विषय निघालाच आहे, तर आईंबद्दल इथेच लिहिते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे आणि तिचं उत्तर पाककृतीत नाही. ८८ व्या वर्षी पातळ पदार्थाने नव्याने ठसका लागायला लागणं म्हणजे गिळण्याची क्रिया मंदावल्याची खूण असू शकते. अन्न-पाणी चुकून श्वासनलिकेकडे गेलं तर छातीत संसर्ग होतो. कधी कधी ठसका न लागताही जातं. पिताना खोकला, खाल्ल्यावर आवाज ओला-घरघरता होणं, अधूनमधून ताप येणं, यातलं काही दिसत असेल तर डॉक्टरांना लवकर दाखवा. ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडे पाठवतील.

द्रव दाट करून देणं हा त्यावरचा उपाय असतो खरा, पण किती दाट हे अंदाजाने ठरवायचं नसतं. त्यासाठी ० ते ७ अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. पातळ-दाट पेयांसाठी १० मिलीच्या सिरिंजमधून १० सेकंदांत किती द्रव खाली उतरतो हे बघून पातळी ठरवतात. कॉर्नफ्लोअरने दाट केलेलं सूप तोंडात घोळत राहिलं तर वर सांगितलेल्या त्याच लाळेने पातळ होतं, म्हणजे आपण दाट दिलं असं समजायचं आणि घशात जायचं पातळच. द्रव दाट करणाऱ्या झँथन गम नावाच्या पावडरीला लाळेने फरक पडत नाही, म्हणून अशा रुग्णांना ती सुचवली जाते; पण तीही सांगितलेल्या मापानेच. तोवर त्यांना ताठ बसवून, छोट्या चमच्याने, घाई न करता द्या आणि नंतर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका. वर पातळ पाणी आणि आत भाज्यांचे तुकडे असलेलं सूप तर अजिबात नको, त्यांना ते सगळ्यात अवघड जातं.

पुन्हा पातेल्याकडे येते. बाकीच्या पर्यायांवर थोडक्यात, कारण रोज वेगळं काही करून बघायचा तुमचा स्वभाव दिसतोय. मैदा कॉर्नफ्लोअरच्या निम्म्या ताकदीचा, म्हणून लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास लागतो. तेवढ्याच वजनाच्या लोण्यावर मंद आचेने परतून घ्या, रंग बदलू देऊ नका. जितका जास्त भाजाल तितकी त्याची दाट करण्याची शक्ती घटते. आयत्या वेळी कमी पडलं तर मऊ लोणी आणि मैदा समभाग मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या सुपात सोडायच्या: लोणी वितळत जातं तसे मैद्याचे कण सुटे होतात, गुठळी होत नाही. आरारूट चालतं, सूप काचेसारखं स्वच्छ राहतं, पण ते फार उकळलेलं सोसत नाही आणि दुधाच्या सुपात बुळबुळीत होतं.

डाळीचं पीठ आपण अळूच्या पातळ भाजीला आणि कढीला लावतोच. पालकाच्या सुपाला लसणीच्या फोडणीबरोबर ते छान लागतं, टोमॅटोला मला आवडत नाही. शिवाय ते नीट शिजलं नाही तर कच्चा वास घर सोडत नाही. नाचणीचं पीठ थंड पाण्यात कालवून सात-आठ मिनिटं शिजवलं तर अंग उत्तम येतं, फक्त टोमॅटोचा लाल रंग चॉकलेटी होतो. ते मिश्र भाज्यांच्या किंवा चिकनच्या सुपात घाला, तिथे ते शोभतं. नाहीतर सरळ आंबीलच करा, सूप म्हणायचा अट्टाहास कशाला? आठ-दहा काजू कोमट पाण्यात भिजवून वाटून घातले तर सूप मखमली होतं, पण मग ते रोजचं राहत नाही.

मलईने सूप दाट होतं हा मात्र गैरसमज. दोन चमच्यांनी चव गोलसर होते, जिभेवर थर बसतो, पाणी जिथल्या तिथे राहतं. आणि गार मलई किंवा दूध थेट आंबट उकळत्या सुपात ओतलं तर फुटणार. आधी वाटीत दोन पळ्या गरम सूप घेऊन त्यात ते मिसळायचं आणि मग ते मिश्रण पातेल्यात.

रोजच्या रोज एवढा खटाटोप नको असेल तर रविवारी टोमॅटोचा गर जास्त करून ठेवा: पुरणयंत्रातून काढलेला, आटवलेला, बिनमिठाचा, बिनकॉर्नफ्लोअरचा. एका वेळेला लागेल तेवढा एकेका डब्यात भरून फ्रीझरमध्ये टाका. कॉर्नफ्लोअर लावलेलं सूप गोठवलंत तर वितळताना स्टार्च पाणी सोडतो आणि गर वेगळा, पाणी वेगळं होऊन बसतं. डाळ किंवा भोपळा घातलेलं सूप मात्र गोठवायला हरकत नाही. वितळल्यावर थोडं चोथापाणी दिसलं तर रवी फिरवा, पुन्हा एकजीव होतं. मीठ, मिरपूड, मलई वाढायच्या वेळी.